पाव आटा मागं

आमच्या मालकांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट पूर्ण उघडी ठेवली नाही. नळ असो, खिडकी असो, की स्वतःचं तोंड असो. आधी पुरतं उघडायचं आणि मग पाव आटा मागं फिरवायचं, हा त्यांचा नियम. रसायनीच्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं पंपहाऊसवर वाल्व फिरवण्यात घालवली होती. तिथल्या एका म्हाताऱ्या फोरमननं पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं म्हणे, की वाल्व पुरता उघडून तसाच सोडला तर तो अडकून बसतो. पुरता उघडायचा आणि पाव आटा मागं घ्यायचा, म्हणजे गरज पडली की हलतो. हे ज्ञान लोखंडापुरतं होतं. मालकांनी ते सगळ्या सृष्टीला लागू केलं.

मी त्यांची भाडेकरू. कर्जतला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढून भिंगाखाली बघायचं माझं काम. तिथे जागा मिळेना म्हणून स्टेशनपासून थोडं आत, नदीकाठच्या एका गावात खोली बघायला गेले, तेव्हा मालक स्वतः जिना चढून वर आले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर.

"ताई, खोली एक नंबर हाय," ते म्हणाले. "उजेड बघा, हवा बघा. अशी खोली तुमाला कर्जतात मिळनार नाय."

मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"जरा गळते," मालक म्हणाले.

मी ती खोली घेतली आणि सहा वर्षं राहिले. खोली गळायची, हे खरं होतं. उजेड होता, हेही खरं होतं. मालक खोटं कधीच बोलत नसत, फक्त एका दमात खरं बोलत नसत. लग्नाला गेले की नवऱ्यामुलीच्या बापाचा हात हातात घेऊन म्हणायचे, "जोडा म्हंजे अगदी लक्ष्मीनारायन," आणि बापाचे डोळे पाणावले की, "पोरगा जरा बुटका हाय." मयताला गेले तरी तेच. "मानूस देव व्हता," असं म्हणून उपरण्यानं डोळे पुसायचे, आणि उपरणं खाली यायच्या आत, "जरा चिकट व्हता." लोकांना याची सवय झाली होती. मालकांनी कौतुक केलं की माणसं हसत नसत, पुढच्या वाक्याची वाट बघत.

सगळ्यात जास्त वाट पाहिली असेल ती काकींनी. काकी म्हणजे मालकांची बायको. बुटकी, गोरीपान, हाताला सतत काहीतरी काम. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या पदरात एकही कौतुक अख्खं पडलं नव्हतं. "आमटी फक्कड झालीय," असं म्हणून मालक भुरका मारायचे. काकी पोळी लाटत राहायच्या, मान वर करायच्या नाहीत. मग मालक म्हणायचे, "जरा मीठ." आणि काकी मीठ पुढं सरकवायच्या. मीठ आधीच काढून ठेवलेलं असायचं.

मालकांचं दुसरं वेड पाण्याचं. ते समजायला आमची नदी समजायला हवी. पावसाळा सोडला तर ही नदी स्वतःच्या मर्जीनं वाहत नाही. वर डोंगराच्या पायथ्याला वीजघर आहे. घाटावरच्या धरणाचं पाणी मोठमोठ्या नळांतून खाली येतं, त्यावर वीज होते आणि ते पाणी मग नदीत सोडून देतात. वीजघर चालू तर नदी चालू. वीजघर बंद तर नुसते गोटे. गावातलं धुणं, म्हशी, उन्हाळी भात, पोरांचं डुंबणं, सगळं त्या पाण्याच्या तंत्रानं चालतं. दुसऱ्या गावात लोक भेटल्यावर "काय, बरं हाय ना?" विचारतात. आमच्याकडे विचारतात, "पानी सुटलं का?"

अशा गावात जन्म आणि वाल्ववर नोकरी. मालकांची ठाम समजूत झाली होती की जगातलं कुठलंही पाणी आपोआप येत नाही. "कोनतरी सोडल्याशिवाय पानी येत नाय," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. पावसालासुद्धा ते "आज लवकर सोडलाय" म्हणायचे. कुणाच्याही घरी गेले की आधी मोरीत जाऊन नळ फिरवून बघायचे, मग पंपाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून दांडा कानाला धरायचे आणि डॉक्टरासारखे डोळे मिटायचे. मी नोकरीत माणसांचं रक्त तपासते, पण रोग्याचं इतकं मन लावून कधी ऐकलं नसेल.

निवृत्त झाल्यावर मालकांनी नदीकाठच्या आपल्या जमिनीवर एक बंगला बांधला आणि तो शनिवार-रविवारी मुंबईच्या लोकांना द्यायला सुरुवात केली. आमच्या भागात आता हे घरोघरी झालंय. ज्याच्याकडे दोन गुंठे आणि एक आंब्याचं झाड आहे तो फार्महाऊसवाला. मालकांनी रस्त्यावर पाटी लावली, "रिव्हर टच बंगलो". फोटोही स्वतःच काढले. भर श्रावणात, नदी दुथडी भरून वाहत असताना, मागच्या दारच्या पायरीला पाणी लागलेलं. फोटोत बंगला जवळजवळ तरंगत होता.

आता गंमत अशी की पाहुणे यायचे रविवारी, आणि रविवारी कारखाने बंद. कारखाने बंद म्हणजे विजेची मागणी कमी, आणि मागणी कमी म्हणजे पाणी कमी. निदान गावात तरी कारण असंच सांगतात. मुंबईची मंडळी रबरी टायर आणि पोहण्याचे कपडे घेऊन मागच्या दारी धावायची आणि समोर बघायची तर गोटे. त्यावर एखादी म्हैस विचारात पडलेली.

"नदी कुठे आहे?" पाहुणे विचारायचे.

"ही काय, समोर," मालक म्हणायचे.

"यात पाणी नाहीये!"

"पानी सुटायचं हाय."

"कधी?"

"सुटंल. दुपारपर्यंत सुटंल."

पाहुणा फारच तापला तर मालक त्याला हाताला धरून खालच्या पायरीपाशी न्यायचे. दगडावर ओलीची रेघ असायची. "हे बघा. ओलं हाय ना? काल इथपर्यंत व्हतं." पाहुणा ती ओल बघून थक्क व्हायचा. तेवढ्यात मालक मागं वळून हाक मारायचे, "अगं, भजी घाल." कांदाभज्यांचं ताट आलं की तक्रार मरते, हा त्यांचा अनुभव. भज्यांमागून चहा. चहामागून जेवण. सोमवारी सकाळी पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की मागून नदी खळखळत यायची, आणि काकी त्या पाण्यावर पाहुण्यांची भांडी घासायला बसायच्या.

अशाच एका सोमवारी मी रजेवर होते. काकींपुढं कपांचा ढीग होता. मी पायरीवर बसले आणि सहज विचारलं, "काकी, आठवडाभर बंगला बंद ठेवला तर काय कराल?"

त्यांनी फार विचार केला नाही. उत्तर तयारच असल्यासारखं म्हणाल्या, "पान्यात पाय सोडून बसेन. आनि मागनं कोनीतरी आयता चहा आनून द्यावा. मी उठायचं नाय. कोनी हाक मारायची नाय. एक कप. बास."

"मग इथेच बसा की. पाणी आहे, पायरी आहे."

"इथं?" काकी हसल्या. "इथं पानी असतं तवा मी भांड्याला असते. आनि चहा कोन करनार? तुमचे मालक?"

या कल्पनेवर आम्ही दोघी खूप हसलो. ते हसणं मला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं, कारण हसताना त्यांनी हातातला कप दोनदा घासला होता.

मी ही गोष्ट त्यांच्या मुलीच्या कानावर घातली. मुलगी कुंभिवलीला दिलेली, जावयाचं हायवेला टायरचं दुकान. तिनं फर्मान काढलं की लग्नाला चाळीस वर्षं होतायत, तर दोघांनी समुद्राकाठी जाऊन राहायचं, चांगलं विमानानं. मालक आधी म्हणाले, "अलिबाग काय वाईट हाय?" पण मग त्यांनी मोबाइलवर अंदमानातल्या एका बेटावरचा बंगला बघितला आणि अलिबाग मागं पडलं. फोटोत निळं पाणी थेट पायरीला लागलं होतं. पायरीवर दोन खुर्च्या. मालकांनी तो फोटो दोन बोटांनी मोठा करकरून पाहिला आणि काकींना दाखवला.

"बघ. पायरीला पानी. तुला पाय सोडायचं हाय ना? इथं सोड."

काकींनी फोटो पाहिला, आणि मी त्यांना पहिल्यांदा लाजताना पाहिलं. बाहेर जाऊन त्यांनी उगाचच अंगण झाडलं.

"फोटो खरा असेल ना?" मी विचारलं.

"फोटो खोटा कसा असंल?" मालक म्हणाले. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण मालकांच्या मनात त्या वेळी ढगाळ होतं. हा माणूस स्वतः श्रावणातला फोटो लावून वैशाखात बंगला देत होता, आणि दुसऱ्याचा फोटो बघून त्याला जराही शंका आली नाही.

मला सोबत न्यायचं ठरलं. "ताई, तुमी चला. विमानात कुठं काय दाबायचं ते मला ठावं नाय," मालक म्हणाले. माझी रजा साठलेली होती आणि समुद्र मलाही हवा होता.

मुंबईच्या विमानतळावर त्यांना खिशातला स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढायला लावला. मालकांनी तपासणाऱ्या पोराला समजावून सांगितलं की हे हत्यार नाही, कानाचं यंत्र आहे. प्रात्यक्षिक म्हणून त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या सामान तपासायच्या मशीनला लावलं आणि दांडा कानाला धरला. "बेरिंग गेलंय," ते म्हणाले. पुढची काही मिनिटं कशी गेली ते मी लिहीत नाही, स्क्रू ड्रायव्हर मात्र मुंबईतच राहिला. विमानात डोक्यावरच्या वाऱ्याची चकती त्यांनी पुरती उघडली, पाव आटा मागं फिरवली, आणि मगच डोळे मिटले.

बेटाचं नाव मी सांगणार नाही, उगाच बेटाची बदनामी नको. बोटीतून उतरून, गाडीत बसून, माडांच्या बागांतून आम्ही संध्याकाळी बंगल्यावर पोचलो. काकींनी गाडीतच चपला काढून हातात घेतल्या होत्या. बंगल्यातून थेट मागच्या पायरीवर गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

समोर समुद्र नव्हता. काळे दगड होते, शेवाळ होतं, मेलेल्या पोवळ्यांचे पांढरे तुकडे होते आणि मध्ये मध्ये डबक्यांत खेकडे. एक होडी कुशीवर आडवी पडली होती. समुद्र पार तिकडे, चार शेतं ओलांडून जावं लागेल इतका लांब. नुसती निळी रेघ. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

"अवो," काकी म्हणाल्या, "पानी कुठं हाय?"

मालक आल्या पावली वळले. ते मॅनेजरला शोधायला निघाले. मॅनेजर पंचविशीचा, हसरा, बंगाली वळणाचं गोड हिंदी बोलणारा मुलगा होता.

"पानी किधर है?" मालकांनी विचारलं.

"लो टाइड है अंकल. आ जायेगा."

"कब छोडते?"

"जी?"

"पानी, पानी! कब छोडते है? वाल्व पे कौन बैठता है?"

मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. "ओहोटी आहे, मालक," मी हळूच म्हणाले.

"ओहोटी मला बी कळते, ताई. अलिबागला बघितली हाय. पन अलिबागचं पानी मानसासारकं मागं जातं. हे बघा कुठं गेलंय! पार उघडून ठेवलाय कोनीतरी, पाव आटा मागं घेतला नाय."

"आयेगा अंकल," मॅनेजर म्हणाला. "आराम से बैठिये. पानी आयेगा."

साडेपाचलाच तिथे अंधार पडला. समुद्राचा नुसता आवाज येत राहिला. बरं, चहा तरी? खोलीत विजेची किटली होती, दूध पावडरच्या पुड्या होत्या, आणि स्वयंपाकघर म्हणे नाश्त्यापुरतंच चालायचं. काकींनी किटली लावली, पुड्या फोडल्या आणि आम्हा दोघांना चहा दिला. आम्ही तो प्यायलो. सवयीचा हात सवयीनं पुढे होतो आणि सवयीचे हात तो कप घेतात, कुणाला काही वाटत नाही. चहाला खोकल्याच्या औषधाची चव होती. मालक म्हणाले, "चहा बरा झालाय." मग कपात बघून म्हणाले, "जरा वास येतोय."

सकाळी मी उठले तर काकींनी ओटी झाडून चादरींच्या घड्या केल्या होत्या. आठ वाजता आम्हाला बेट दाखवायला गाडी आली. पाणी अजून लांबच होतं, नुसतं चकाकत होतं. गाडीत बसून आम्ही एक दीपस्तंभ पाहिला, काचेच्या तळाच्या होडीतून काही मासे पाहिले, एका दुकानात शिंपल्यांच्या माळा पाहिल्या. काकी प्रत्येक ठिकाणी "चांगलं हाय" म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. संध्याकाळी परत आलो तर समोर दगड, शेवाळ, खेकडे, आणि होडी आता दुसऱ्या कुशीवर.

मालक सरळ मॅनेजरसमोर उभे राहिले. "पानी नहीं आया!"

"आया था अंकल! सुबह दस-ग्यारह बजे. एकदम फुल." त्यानं मालकांचा हात धरला, मागच्या पायरीपाशी नेलं आणि दगडाकडे बोट दाखवलं. "देखिये. गीला है ना? यहाँ तक था."

खालची पायरी खरंच ओली होती.

मी मालकांचा चेहरा पाहिला. आरशात स्वतःला अचानक पाहून दचकलेल्या माणसाचा असतो, तसा तो झाला होता. शेरास सव्वाशेर भेटला, असं म्हणून मी आतल्या आत हसले. ते ओटीवर येऊन बसले. थोड्या वेळानं मॅनेजर हसत हसत आला. हातात ताट. ताटात गरम गरम कांदाभजी.

"कॉम्प्लिमेंटरी, अंकल."

मालकांनी ताटाकडे बराच वेळ बघितलं. एक भजं उचललं, उलटसुलट केलं आणि परत ठेवलं. आयुष्यात या माणसानं भज्याला नाही म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं.

"ताई," ते अगदी हळू म्हणाले, "आता पानी येत नाय."

"म्हणजे?"

"भजी आली म्हंजे पानी येत नाय. मला विचारा." मग ताट दूर सारून म्हणाले, "लोक इतके लांबनं येतात ओ. पोरंबाळं घेऊन."

काकी आत बॅग भरत होत्या, कारण परवा भल्या सकाळी आमची बोट होती. मधे फक्त एक दिवस. त्यांनी त्या पाण्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही, आणि मला तेच सहन होत नव्हतं. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "तिकडं म्हशीला पेंड घातली असंल का कोनी?" एवढंच त्या म्हणाल्या. अंदमानात येऊन या बाईला म्हशीची पेंड आठवत होती, कारण इथे आठवण्यासारखं दुसरं काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता गाडी आली. हत्ती दाखवायचे होते. मालकांनी फाटकात जाऊन ड्रायव्हरला सांगितलं, "हम नहीं आता. गाडी लेके जाव."

"अंकल, पैकेज में है."

"पैकेज में हत्ती है. मेरे घर में पानी नहीं है. मैं पानी देखेगा."

ते मागच्या ओटीवर येऊन बसले आणि समोरच्या निळ्या रेघेवर नजर लावली. काकींनाही त्यांनी बसायला सांगितलं. काकी बसल्या खऱ्या, पण दर थोड्या वेळानं उठायच्या. केरसुणी शोधायच्या, टॉवेल झटकायच्या. शेवटी मालक म्हणाले, "अगं, बस की गप! पंपावर ड्युटीला मानूस बसतो तशी बस. डोळं पान्यावर." तेव्हा कुठे त्या टेकल्या.

आणि पाणी आलं. येताना ते दिसत नाही, नुसतं आलेलं दिसतं. आधी लांबची डबकी एकमेकांना मिळाली, मग शेवाळ हलायला लागलं, मग ती आळशी होडी कुशीवरून उठून सरळ झाली. मालक खुर्चीवरून उठून उभे राहिले. "सुटलं," ते पुटपुटले. "सुटलं, सुटलं!" अकराच्या सुमाराला खालच्या पायरीला पहिली लाट लागली. मग दुसऱ्या पायरीला. फोटोतल्यासारखं निळं, स्वच्छ, तळाचे दगड दिसणारं पाणी.

काकींनी लुगडं घोट्याच्या वर घेतलं आणि पायरीवर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडले. फक्त पायाची बोटं पाण्यात उघडझाप करत होती. मी त्यांच्या शेजारी बसले. पाचेक मिनिटांनी मागं वळून पाहिलं तर मालक ओटीवर नव्हते.

स्वयंपाकघरातून मोठमोठ्यानं हिंदी ऐकू यायला लागलं. मी धावले. आचारी दार अडवून उभा होता, मॅनेजर "अंकल, अलाऊड नहीं है" म्हणत होता, आणि मालक शर्टाच्या बाह्या दुमडत आत शिरत होते. "तुम पानी छोड्या ना? अब मेरा काम मेरे को करने दो," असं म्हणून त्यांनी पातेलं उचललं. मॅनेजरला वाटलं म्हातारा बिघडला. मला वाटलं आता भांडं उतू जाणार आणि हात भाजणार. मी पुढे झाले तर त्यांनी मला कोपरानं बाजूला सारलं.

मग मी जे पाहिलं त्याला सराईत म्हणतात. त्यांनी आलं बत्त्यानं नाही, वाटीच्या बुडानं ठेचलं. चहा पावडर तळहातावर घेऊन मापली. आधी पाणी उकळलं, मग पावडर, दूध वेगळं तापवून वरून. शेगडीची कळ त्यांनी पुरती उघडली आणि पाव आटा मागं घेतली. ओतताना एक थेंब बाहेर सांडला नाही. एका हातात कप आणि दुसऱ्या हातात बशी घेऊन ते मागच्या दारानं बाहेर गेले.

काकी तशाच पाठमोऱ्या बसल्या होत्या. मालकांनी हाक मारली नाही. मागून वाकून कप त्यांच्या हाताशी ठेवला आणि एक पायरी मागं उभे राहिले.

काकींनी कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान हलवली, मी केला नाही म्हणून. मग त्यांनी हळूहळू मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमाला चहा येतो?"

"येतो की."

"कवापासनं?"

"ड्युटीवर मीच करायचो," मालक म्हणाले. "सगळ्या शिफ्टला. पोरं म्हनायची, तुमच्या हातचाच पायजे."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"आनि घरी?"

मालकांनी समुद्राकडे बघितलं. कुठे वाल्व आहे का ते शोधत असावेत तसे. "घरी तू व्हतीस," ते म्हणाले.

काकींनी कप उचलला. त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली. समोर पाणी तिसऱ्या पायरीला आलं होतं. त्या सावकाश, एकेक घोट घेत चहा प्यायल्या. मालक तर परीक्षेला बसलेल्या मुलासारखे उभे होते, खिशात स्क्रू ड्रायव्हर नाही म्हणून हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. काकींनी रिकामी बशी पायरीवर ठेवली, पदरानं ओठ टिपले.

"चहा फक्कड झालाय," त्या म्हणाल्या.

मालकांचा चेहरा उजळला.

"जरा उशीर झाला," काकी म्हणाल्या.

चाळीस वर्षं ज्या माणसानं प्रत्येक वाक्य पाव आटा मागं फिरवलं, त्याच्याकडे आता काहीतरी असणारच. बंगला, पाहुणे, शिफ्ट, कारखाना, तू कधी विचारलं नाहीस. मी वाट पाहिली. काकी पण पाहत होत्या, पाण्याकडे तोंड करून.

"व्हय," मालक म्हणाले.

पुढे काहीच आलं नाही. ते दोन पायऱ्या उतरले, पँटच्या पायांसकट काकींच्या शेजारी पाण्यात बसले, आणि म्हणाले, "अजून करू?"

"करा," काकी म्हणाल्या.

आमच्या गावाच्या रस्त्यावर ती पाटी अजून आहे. "रिव्हर टच बंगलो". खाली तेवढ्याच ठळक अक्षरांत एक ओळ नंतर रंगवलेली आहे, "पाणी सुटलं तर". पाहुणे कमी झाले म्हणतात. मी कर्जत सोडलं तरी अधूनमधून सोमवारी फोन करते. मालक उचलतात. मी विचारते, "पानी सुटलं का?" ते म्हणतात, "सुटलंय ताई, पन मी आता बोलत नाय, चहा उतू जाईल," आणि फोन ठेवतात.